रथापलीकडची हंपी

पन्नास रुपयांच्या निळ्या नोटेच्या मागच्या बाजूला हंपीचा दगडी रथ आहे. २०१७ साली ही नोट चलनात आली आणि तुंगभद्रेकाठच्या उद्ध्वस्त राजधानीचं एक चित्र देशाच्या खिशाखिशांत पोचलं. हंपीला जाऊन आलेला जवळपास प्रत्येक जण हेच चित्र फोनमध्येही घेऊन येतो. विठ्ठल मंदिराचं अंगण, मधोमध रथ, पुढे दोन हत्ती आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली आपली माणसं.

या रथाविषयी तीन गोष्टी मात्र त्या चित्रातून कळत नाहीत. पहिली म्हणजे, तो वापरातला रथ कधीच नव्हता. ते गरुडाचं देऊळ आहे. विठ्ठलाच्या समोर त्याचं वाहन असायला हवं म्हणून ते तिथे आहे, आणि त्याला रथाचं रूप दिलेलं आहे. दुसरी गोष्ट, पुढचे हत्ती मूळचे नाहीत. तिथे घोडे होते. हत्तींच्या मागे वाकून पाहिलं तर घोड्यांच्या पायांचे आणि शेपट्यांचे अवशेष अजून दिसतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या देवळावर विटांचं शिखर होतं. ते नंतर काढून टाकण्यात आलं, आणि आज आपण ज्याला रथाचा मूळ आकार समजतो तो शिखर गेल्यानंतर उरलेला आकार आहे.

हे शिखर होतं असं आपण खात्रीने म्हणू शकतो ते एका फोटोमुळे. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी अवजड कॅमेरा घेऊन हंपीत हिंडला आणि मेणकागदाच्या मोठ्या निगेटिव्हवर त्याने या शहराची कितीतरी दृश्यं टिपली. त्यातल्या रथाच्या दृश्यात ते शिखर जागेवर आहे. म्हणजे रथाची एक अपुरी प्रतिमा पक्की केली ती फोटोंनी, आणि ती अपुरी आहे हे दाखवून दिलं तेही एका फोटोनेच. ऐतिहासिक शहरात फिरताना फोटो काढावेत की नाही, हा वाद मला म्हणूनच फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कोणता फोटो काढतो आणि कशासाठी काढतो, हा प्रश्न खरा आहे. तो आपण स्वतःला विचारत नाही, आणि त्याची किंमत शहर मोजतं, असं माझं म्हणणं आहे.

कॅमेऱ्यावर होणारी नेहमीची टीका आपल्या ओळखीची आहे. लोक पाहत नाहीत, नुसते फोटो काढतात. डोळ्यांनी अनुभवायचं सोडून पडद्याकडे बघतात. या टीकेत तथ्य आहे, पण ती अर्ध्यावर थांबते. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. टीकाकार इथवरच सांगतात. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग असा, की वस्तूच्या एखाद्या तपशिलावर कॅमेरा नेऊन तेवढाच फोटो काढायला लावला, तेव्हा ही विस्मृती दिसली नाही. आणि ज्या भागाचा फोटो काढला नव्हता तो भागही त्यांच्या लक्षात राहिला. तपशील निवडायचा तर आधी वस्तूकडे नीट बघावं लागतं. लक्ष देऊन काढलेला फोटो पाहण्याच्या आड येत नाही. तो पाहण्याचाच एक प्रकार असतो. स्मृती पुसट होते ती ‘घेतला एकदाचा’ अशा घाईने काढलेल्या फोटोमुळे.

हंपीत ही घाई अंगवळणी पडावी अशीच सगळी व्यवस्था आहे. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी अशी एकत्र सहल करतात, आणि हंपीच्या वाट्याला फार तर दीड दिवस येतो. होसपेटहून गाडी किंवा रिक्षा ठरते आणि तिच्याबरोबर ‘पॉइंट’ ठरतात. विरूपाक्ष, उग्र नरसिंह, कमळमहाल, हत्तीखाना, राणीचं स्नानगृह, विठ्ठल मंदिर आणि शेवटी हेमकूट किंवा मातंग टेकडीवरून सूर्यास्त. प्रत्येक पॉइंटवर गाडी थांबते, लोक उतरतात, ठरलेल्या जागेवरून ठरलेला फोटो निघतो, गाडी पुढे जाते. दिवस संपतो तेव्हा आठ-दहा सुंदर वास्तू पाहून झालेल्या असतात. शहर मात्र पाहायचं राहिलेलं असतं.

कारण विजयनगर हे सुट्या वास्तूंचं संग्रहालय नव्हतं. परंपरेनुसार १३३६ साली स्थापन झालेली आणि १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटली गेलेली ही राजधानी तिच्या भरभराटीच्या काळात जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होती. १४४३ साली इराणहून आलेला वकील अब्दुर रझ्झाक याने एकाआत एक अशा सात तटबंद्यांचं वर्णन केलं. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२०च्या सुमाराला, इथे आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाला हे शहर रोमएवढं मोठं वाटलं. युनेस्कोने १९८६ साली हंपीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे आजही सोळाशेहून अधिक अवशेष उभे आहेत, आणि रिक्षावाल्याच्या यादीत त्यातले दहा असतात.

उरलेल्या अवशेषांत या शहराचं शहरपण आहे. पाण्याचंच पाहा. आजूबाजूला तापलेल्या धोंड्यांचा कोरडा मुलूख, आणि त्यात लाखोंची वस्ती असलेलं शहर वसवायचं होतं. विजयनगरच्या राज्यकर्त्यांनी तुंगभद्रेवर बंधारे घातले, कालवे काढले, तलाव बांधले, राजवाड्यांच्या परिसरात दगडी पन्हळींतून पाणी खेळवलं. त्यांतला तुर्तू कालवा आजही वाहतो. हंपीच्या देवळांमधून दिसणाऱ्या केळीच्या हिरव्यागार बागा त्याच्या पाण्यावर उभ्या आहेत. सोळाव्या शतकातलं एखादं देऊळ आपण मृत अवशेष म्हणून पाहतो, आणि त्याच्या शेजारून वाहणारा, त्याच शहराने काढलेला, आजही शेतकऱ्याच्या कामी येणारा कालवा फोटोत येऊ नये म्हणून दोन पावलं बाजूला सरकतो. हंपीतली सगळ्यांत जिवंत प्राचीन वास्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी त्या कालव्याचं नाव घेईन.

रस्ते आणि बाजारही असेच. इथल्या प्रत्येक मोठ्या देवळासमोर त्याची स्वतःची रुंद, सरळ पेठ आहे, दुतर्फा दगडी मंडपांच्या रांगा असलेली. विरूपाक्षाची आहे, कृष्णमंदिराची आहे, अच्युतरायाची आहे, विठ्ठलाची आहे. पेठेच्या कडेला पुष्करणी. देव, पाणी आणि व्यापार यांची ही मांडणी म्हणजे विजयनगरच्या नगररचनेचं सूत्रच. याच शहरात घोड्यांचा मोठा व्यापार चाले. अरबस्तानातून येणारे घोडे पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि १५१०मध्ये गोवा ताब्यात घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या हाती आणला. पाइशसारखे लोक इथवर पोचण्यामागे हा घोड्यांचा मार्ग आहे. हजारराम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर घोडे, हत्ती, नर्तकी, सैनिक यांच्या रांगांमागून रांगा कोरल्या आहेत. ती भिंत पाहून मग विठ्ठलाच्या पेठेतून चालत गेलं, तर त्या रस्त्याची रुंदी कशासाठी होती ते कळतं. आज बहुतेक जण ती पेठ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत बसून ओलांडतात, रथाकडे लवकर पोचायचं म्हणून.

फोटोच्या चौकटीतून शहर निसटतं त्याचं आणखी एक रूप आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. चौकटीतून माणसं निघून जातात. ग्रीनलॉच्या काळात हे तंत्रामुळे घडत असे. मेणकागदाच्या निगेटिव्हला प्रकाश द्यायला कित्येक मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात चालतं-फिरतं माणूस कागदावर उमटतच नसे. दगड तेवढे उमटत. ओसाड, निर्मनुष्य, काव्यमय भग्नावशेषांची आवड आपल्यात रुजली, त्यात अशा जुन्या फोटोंचा वाटा मोठा आहे. आता सेकंदाच्या अत्यल्प भागात फोटो निघतो, तरी आपण माणसं बाजूला होण्याची वाट पाहतो, आणि न झाली तर फोनवर बोट फिरवून त्यांना पुसून टाकतो. जे तंत्रामुळे होत होतं ते आता आपल्या आवडीमुळे होतं.

ही आवड फोटोपुरती राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. पण वारसा म्हणजे माणसं वगळून उरलेला दगड, ही समजूत जमिनीवरही उतरते. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या पेठेतल्या प्राचीन मंडपांत आणि त्यांच्या आसपास कित्येक दशकं लोक राहत होते. घरं, दुकानं, खाणावळी तिथे चालत. जुलै २०११मध्ये प्रशासनाने ही वस्ती हटवली आणि शेकडो कुटुंबांचं आयुष्य विस्कटलं. प्रशासनाची बाजू पोकळ नव्हती. मंडपांच्या खांबांमध्ये भिंती घातल्या गेल्या होत्या, दगडाला इजा होत होती, आणि जागतिक वारशाच्या जागेची जबाबदारी सरकारवर होतीच. हंपी त्याआधी १९९९ ते २००६ या काळात धोक्यातल्या वारशाच्या यादीत राहिलेली होती. तरीही मला हे मान्य करता येत नाही, की बाजाराचं जतन करण्याचा मार्ग बाजार रिकामा करण्यातून जातो. ती पेठ खरेदी-विक्रीसाठी बांधली होती. विरूपाक्षाची पूजा १५६५नंतरही चालू राहिली, यात्रा भरत राहिली, आणि यात्रेकरूला फुलं, नारळ, जेवण देणारी माणसं त्या रस्त्यावर होती. जतन आणि वस्ती यांची सांगड घालणं अवघड असतं, पण ते करण्यासारखं काम होतं. आज ती पेठ फोटोत फार देखणी येते. हे देखणेपण कशाच्या बदल्यात आलं, हे फोटो काढणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

ठरलेल्या चौकटीचा भार दगडावरही पडतो. हजारो माणसांना एकाच जागी, एकाच कोनातून फोटो हवा असतो. मग त्या जागी चढलं जातं, टेकलं जातं, हात लावले जातात. रथाची चाकं पूर्वी फिरत आणि लोक ती फिरवून पाहत, म्हणून ती पक्की करावी लागली, असं तिथे सांगितलं जातं. आता रथाभोवती कुंपण आहे. विठ्ठल मंदिराच्या सभामंडपातले सूर उमटवणारे खांब पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी, काठ्यांनी वाजवून दाखवले गेले. आता ते वाजवायला बंदी आहे. २०१९च्या फेब्रुवारीत एक व्हिडिओ सर्वत्र पसरला. काही तरुण एका देवळाच्या आवारातला खांब ढकलून पाडत होते आणि ते चित्रित होत होतं. त्यांना पकडलं, दंड झाला, आणि पाडलेला खांब पुन्हा उभा करायला लावला. शिक्षा योग्यच होती. पण जागेकडे आपल्या चित्रासाठीचा पडदा म्हणून पाहण्याची सवय फक्त त्या तरुणांना होती असं मानलं, तर तो प्रसंग आपण समजून घेतलेला नाही.

आपल्या मराठी माणसासाठी तर या शहरात अशी एक जागा आहे, जिचा फोटो काढूनही हाती काही लागत नाही. ती म्हणजे विठ्ठल मंदिराचा गाभारा. तो रिकामा आहे. आपल्याकडे परंपरा सांगते, की पंढरीचा विठोबा एकदा विजयनगरला नेला गेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरपूरला आणला. इतिहास म्हणून हे तपासायचं काम अभ्यासकांचं आहे. पण त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभं राहिलं, की कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा विठ्ठल एकच आहे, हे पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट जाणवतं. मंदिरापासून जवळच, नदीकाठी पुरंदरदासांचा मंडप आहे. त्यांच्या कन्नड पदांच्या शेवटी विठ्ठलाची मुद्रा येते. अंगणातल्या रथापुढे गर्दी असते, गाभाऱ्याशी क्वचितच कुणी थांबतं. जे नाही ते पाहण्यासाठी आधी काहीतरी माहीत असावं लागतं. प्रवासाला निघण्यापूर्वी केलेलं वाचन म्हणूनच कॅमेऱ्याच्या कुठल्याही भिंगापेक्षा मोलाचं आहे.

आणि कॅमेऱ्याचं मूळ तत्त्वही या शहरात साक्षात पाहायला मिळतं. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. तिच्या भिंतीतल्या लहानशा छिद्रातून आत आलेला उजेड समोरच्या भिंतीवर पूर्वेकडच्या उंच राजगोपुराची उलटी प्रतिमा पाडतो. अंधारी खोली, बारीक छिद्र, समोर पडदा, यापलीकडे कॅमेरा म्हणजे दुसरं काय आहे? फरक एवढाच, की ही प्रतिमा खोलीत येऊन उभं राहणाऱ्यालाच दिसते, आणि बाहेर ऊन असेल तरच दिसते. चित्र आणि जागा यांचं नातं किती घट्ट असू शकतं हे ती खोली शिकवते. आपल्या फोटोंचं नातं जागेपासून तुटलं आहे. रथाचा तोच फोटो हंपीला न जाताही मिळतो, आणि आपण काढलेल्यात वेगळं असतं ते फक्त आपलं तिथे असणं. स्वतःच्या माणसांचा, आनंदाचा फोटो काढण्यात काहीच वावगं नाही. पण दिवसभर तेवढंच केलं, तर आपण शहराची नव्हे, आपल्याच हजेरीची नोंद करून आलो.

दुसरी वाट काय, हे याच शहराने दाखवलं आहे. ग्रीनलॉची निगेटिव्ह पुढे एकशे वीसहून अधिक वर्षांनी पुन्हा प्रकाशात आली. १९८०च्या सुमारास जॉन फ्रिट्झ आणि जॉर्ज मिशेल यांनी हंपीच्या सविस्तर मोजणीचं आणि नोंदीचं काम हाती घेतलं. पडक्या भिंती, रस्ते, पायऱ्या, विहिरी सगळं नकाशावर आणायचं ते काम पुढे दोन दशकं चाललं. त्याच काळात, १९८३ साली, जॉन गोलिंग्स या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉ जिथे जिथे उभा होता त्या जागा शोधून काढल्या आणि तिथूनच तीच दृश्यं पुन्हा टिपली. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की मधल्या सव्वाशे वर्षांचा हिशेब समोर येतो. काय पडलं, काय उभं केलं, कुठे झाडी वाढली, कुठे काढली. उग्र नरसिंहाचंच उदाहरण घ्या. १५२८ साली एका अखंड धोंड्यात कोरलेल्या या मूर्तीच्या गुडघ्यांभोवती आज जो योगपट्टा दिसतो, तो १९८०च्या दशकातल्या दुरुस्तीत घातलेला आहे. जुन्या फोटोंत तो नाही. मांडीवरची लक्ष्मी तर केव्हाच गेली. ज्याने आजचा एकच फोटो पाहिला आहे त्याला मूर्ती अशीच होती असं वाटेल. दोन काळांतले दोन फोटो पाहणाऱ्याला मूर्तीचा इतिहास दिसेल.

हे काम तज्ज्ञांचंच आहे असं मला वाटत नाही. ग्रीनलॉकडे होता त्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आज प्रत्येक प्रवाशाच्या हातात आहे, आणि तो फोटोबरोबर तारीख आणि जागाही आपोआप नोंदवतो. २०१८ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अजिंठ्याची लेणी, ताजमहालातला मुख्य मकबरा आणि लेहचा राजवाडा असे थोडे अपवाद सोडून संरक्षित स्मारकांत फोटो काढण्याला मोकळीक दिली. मोकळीक मिळाली तशी जबाबदारीही आली. रथाचा आणि आपल्या कुटुंबाचा फोटो जरूर काढावा. त्यानंतर मात्र विरूपाक्षापासून विठ्ठल मंदिरापर्यंत नदीकाठच्या वाटेने पायी जावं. जेमतेम दोन किलोमीटरची ती वाट आहे. तिच्यावर नदीत उभे असलेले जुन्या पुलाचे दगडी खांब आहेत, कोदंडरामाचं देऊळ आहे, राजाची तुला आहे, यादीत नसलेले अनेक मंडप आहेत. तिकडे राजवाड्यांच्या परिसरात, पायऱ्यांच्या पुष्करणीच्या दगडांवर गवंड्यांनी कोरलेल्या खुणा आहेत, कुठला दगड कुठे बसवायचा हे सांगणाऱ्या. त्यांतली एक निवडून जवळून टिपावी. एखाद्या भिंतीला तडा गेलेला दिसला, शिल्पाचं नाक ताजं तुटलेलं दिसलं, कालव्याच्या कडेला राडारोडा पडलेला दिसला, तर त्याचाही फोटो काढावा आणि तिथल्या कार्यालयाला दाखवावा. शेतात, घाटावर, फुलांच्या टोपलीमागे बसलेल्या माणसाला विचारून, त्याचं नाव समजून घेऊन त्याचा फोटो काढावा, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. घरी आल्यावर शेकडो फोटोंतून वीस निवडावेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्यात. काय आहे, कुठे आहे, त्या दिवशी ते कशा अवस्थेत होतं.

यासाठी सहलीतला एक दिवस वाढवावा लागेल आणि चार पॉइंट सोडावे लागतील. हा तोटा नाही. हंपीच्या दहा वास्तू धावत पाहण्यापेक्षा एक कालवा, एक पेठ आणि एक भिंत नीट पाहिली तर शहर जास्त कळतं, कारण शहर या तिन्हींच्या आधारावर उभं होतं.

प्रवासी म्हणून आपण ऐतिहासिक शहराकडून घेतच असतो. त्याचं पाणी वापरतो, त्याच्या पायऱ्या झिजवतो, त्याच्या सौंदर्याने सुखावतो, आणि त्याबदल्यात तिकिटाचे पैसे देतो. त्या पैशातून हे ऋण फिटत नाही. फोटो ही मात्र अशी गोष्ट आहे, जी आपण त्या शहराला परत देऊ शकतो. लक्ष देऊन काढलेली, तारीख-जागेसह जपलेली, खरी नोंद. १८५६मधल्या एका माणसाच्या अशा नोंदीमुळे रथावरचं शिखर आपल्याला माहीत झालं. आज हंपीत रोज येणाऱ्या हजारो कॅमेऱ्यांपैकी थोड्यांनी जरी हे मनावर घेतलं, तर यापुढे या शहरातला एकही दगड कुणाच्या नकळत नाहीसा होणार नाही.